होडेनोशोनींचे सणवार वर्षभराच्या तक्त्यात कसे मांडावेत

आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या परिसरातल्या या मूळ अमेरिकन लोकांना इरोक्वॉय हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. ते स्वतःला होडेनोशोनी, म्हणजे ‘लांबघर (अनेक कुटुंबांचं लांबलचक सामाईक घर) बांधणारे’, म्हणवतात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा ही त्यांची सहा राष्ट्रं. त्यांच्या सणांचा तक्ता करताना आधी तारखांचा रकाना आखू नका. डावीकडे निसर्गातली खूण लिहा, उजवीकडे सण. तारीख पेन्सिलने आणि शेवटी.

सुरुवात मध्य-हिवाळ्याच्या सोहळ्यापासून करा. परंपरेचा नियम असा: संध्याकाळी अंधार पडताना कृत्तिका डोक्यावर आल्या की त्यापुढची पहिली अमावास्या धरायची आणि पाच दिवसांनी सोहळा सुरू करायचा. हा काळ जानेवारी-फेब्रुवारीत येतो. मात्र न्यूयॉर्क राज्याच्या 43 अंश अक्षांशावर कृत्तिका अगदी माथ्यावर येतच नाहीत, सुमारे 19 अंश दक्षिणेला राहतात. म्हणून त्या सर्वांत उंच कधी असतात ते पाहा.

इथे हमखास होणारी चूक वेळेच्या फरकाची. 18 जानेवारी 2026 ची अमावास्या न्यूयॉर्कमध्ये दुपारी पावणेतीनच्या सुमारास होती. भारतीय घड्याळात तेव्हा 19 तारीख लागली होती. गणित तिथल्याच वेळेने करा. तरीही ते अंदाजापुरतंच, कारण नेमका दिवस प्रत्येक लांबघरातली जबाबदार मंडळी ठरवतात. सोहळ्यात चुलीतली राख ढवळतात आणि वाडग्याचा खेळ होतो: पीचच्या सहा बिया, एक बाजू काळी केलेली. सहाही एकाच रंगाच्या पडल्या तर पाच गुण, पाच पडल्या तर एक.

पुढचे सण खुणांवर बसवा. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर तापमान गेलं की मेपलचा रस वाहतो, तेव्हा मेपलचा सण. साधारण 40 लिटर रस आटवून एक लिटर पाक होतो. झाडांच्या कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते. म्हणजे ही खूण आपोआप संपते. पहिला गडगडाट ऐकू आला की मेघगर्जनेचा सोहळा. मग मेच्या सुमारास बियाण्यांचा, जूनमध्ये रानस्ट्रॉबेरी पिकल्यावर तिचा, त्यानंतर हिरव्या शेंगांचा.

ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये मक्याचे दाणे दुधाळ झाले की हिरव्या मक्याचा मोठा सण येतो. यात आणि मध्य-हिवाळ्यात लहान मुलांची नावं जाहीर करतात, म्हणून तक्त्यात या दोघांना जास्त जागा द्या. शेवटी सुगीचा सण. तोवर कणसं वेण्या घालून टांगलेली असतात.

चंद्र मोजण्यासाठी कासवाच्या पाठीचं चित्र काढा: मधल्या 13 ढालींमध्ये वर्षाचे 13 चंद्र, कडेच्या 28 तुकड्यांमध्ये दिवस. चांद्रमास मात्र साडेएकोणतीस दिवसांचा असतो, म्हणून दिवस मोजायला हे चित्र वापरू नका.

तक्ता सजवायला औषधी मुखवट्यांची, म्हणजे रोग बरे करण्याच्या विधींत घालायच्या पवित्र मुखवट्यांची, चित्रं लावू नका. ते मुखवटे विकायला किंवा प्रदर्शनात मांडायला होडेनोशोनी मनाई करतात. मका, घेवडा आणि भोपळा या ‘तीन बहिणी’ काढा.