एकाच टेबलात मायबाप-लेकरं बसवताना

कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत्यासाठी मी संत्र्याच्या आवकेचा हिशेब ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. विभाग, जिल्हे, तालुके, गावं, सगळी डेटाबेसमधल्या 'ठिकाणे' या एकाच टेबलात, आणि प्रत्येक ओळीत तिच्या वरच्या ठिकाणाची, म्हणजे पालकाची, नोंद. कोंढाळीचा पालक काटोल, काटोलचा नागपूर जिल्हा, जिल्ह्याचा नागपूर विभाग. पातळ्या कधीच बदलणार नसतील तर वेगवेगळी टेबलं खुशाल करा. माझ्याकडे महिन्याभरातच गावाखाली संकलन केंद्रं घालायची वेळ आली.

आधी टेबलात पॅरेंट आयडी (पालकाच्या ओळीचा आयडी, म्हणजे ओळखक्रमांक) हा कॉलम जोडा. त्याचा डेटा टाइप आयडीचाच, आणि नल (म्हणजे रिकामा) चालेल असा. सगळ्यात वरच्या ओळीला नलच ठेवा. शून्य ठेवायचा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा: शून्य आयडीची ओळ नसते, फॉरेन की (इथला आयडी खरोखरच्या ओळीचाच असावा, हा डेटाबेसने पाळायचा नियम) अडते, आणि मग लोक फॉरेन कीच काढून टाकतात.

मग त्याच टेबलाकडे परत बोट दाखवणारी फॉरेन की लावा. ऑन डिलीटला रिस्ट्रिक्ट, म्हणजे लेकरं असलेली ओळ पुसता येत नाही. कॅस्केड लावलात तर काटोल पुसताच कोंढाळीही पुसली जाईल. पॅरेंट आयडीवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) हवा. मायएसक्यूएल या डेटाबेसचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन तो आपणहून करतं, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस करत नाही.

अख्खी उतरंड वाचायला विथ रिकर्सिव्ह, म्हणजे हाती आलेल्या ओळींवरून पुढची पातळी फेरीफेरीने शोधणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न). पोस्टग्रेसमध्ये ते ८.४ पासून (२००९), मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून (२०१८) आहे.

इथवर सोपं. आता जिथे मी तोंडावर आपटलो ते.

आंबिया बहाराची ऐन आवक, आणि मालकांचा फोन: "भाऊ, काटोलचा माल दिसूनच नाही राहिला!" मुनीमजींनी दुरुस्ती करताना काटोलचा पालक कोंढाळी निवडला होता. कोंढाळीचा पालक काटोल आधीच होता, म्हणजे वर्तुळ झालं. निवडू देणारा फॉर्म माझाच. दोन्ही ओळी टेबलात आहेत म्हटल्यावर फॉरेन कीची काही तक्रार नाही. 'वर्तुळ झालं की क्वेरी लटकते' असं सगळीकडे वाचलेलं, म्हणून लटकलेली क्वेरी शोधण्यात मी दोन तास घालवले. एकही लटकली नव्हती. प्रत्येक ओळीला पालक एकच असतो, त्यामुळे वर्तुळात गेलेलं काटोल वरच्या नागपूरपासून तुटतं. वरून उतरणारी क्वेरी तिथवर पोचतच नाही. अख्खा तालुका एरर न देता रिपोर्टातून गळतो. लटकते ती वर्तुळाच्या आतून सुरू होणारी, म्हणजे कोंढाळीवरून वर चढणारी क्वेरी.

क्वेरीत फेऱ्या जोडताना युनियन ऑलऐवजी (ते सगळ्या ओळी ठेवतं) युनियन (ते आधी आलेली ओळ गाळतं) लिहिलं की वर्तुळ आपोआप थांबतं, असंही सांगतात. थांबतं, पण पातळी मोजणारा कॉलम सोबत नसेल तरच. तो असेल तर प्रत्येक फेरीत आकडा वाढतो, तीच ओळ नवीन ठरते आणि चक्कर चालूच राहते. मायएसक्यूएल ठरलेल्या १००० फेऱ्यांनंतर एरर देतं. पोस्टग्रेसमध्ये अशी मर्यादा नाही.

म्हणून पहारा लिहितानाच बसवा. पालक बदलण्याआधी नव्या पालकापासून नलपर्यंत वर चढा. वाटेत हलवायची ओळच भेटली तर नकार द्या. 'आयडी आणि पॅरेंट आयडी सारखे नसावेत' एवढ्या चेकवर विसंबू नका, तो फक्त स्वतःच स्वतःचा बाप झालेला पकडतो.

शिवाय रोज रात्री वरून उतरून भेटलेल्या ओळी मोजा आणि टेबलातल्या एकूण ओळींशी ताडून पाहा. कमी भरल्या तर कुठेतरी वर्तुळ आहे.

एक फट तरी उरते. मुनीमजी काटोल नरखेड या दुसऱ्या तालुक्याखाली टाकताहेत आणि त्याच क्षणी मालक नरखेड काटोलखाली. दोघांचीही तपासणी पास होते. त्यासाठी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणारं काम) सुरू होताच नागपूर विभागाची ओळ फॉर अपडेटने धरा, म्हणजे लॉक करा, की दुसऱ्याला थांबावं लागेल; तपासणी त्यानंतर, बदल सगळ्यात शेवटी. मी आधी हे उलटं लिहिलं होतं, तपासणी पहिली आणि लॉक मागून. त्या लॉकचा काडीचा उपयोग नव्हता.