हिएईच्या डोंगरदेवाला कसं जावं: आधी पायथा, मग माथा

राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात जपानची चौकशी करायला येणाऱ्यांची यादी ठरलेली असते. बुलेट ट्रेन, फुजी, क्योतोचं सोनेरी देऊळ. क्योतोचे तीन दिवस धरले की त्यातला एक मी मागून घेते. तो साकामोतोचा.

बिवा तलावाच्या बाजूला, हिएई डोंगराच्या पायथ्याशी हियोशी तैशा हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देवस्थान आहे आणि वर डोंगरात एनर्याकुजी हा तेंदाई पंथाचा बौद्ध मठ. बहुतेक लोक बसने थेट वर जातात, मठ बघतात आणि परततात. तसं करू नका. डोंगर आधी ओयामाकुई या देवाचा होता. 788 साली साइचो नावाच्या भिक्षूने वर छोटं देऊळ बांधलं आणि या डोंगरदेवाला मठाचा राखणदार मानलं. खालचा देव बघितल्याशिवाय वरचा मठ अर्धाच कळतो.

क्योतो स्टेशनवरून जेआरची कोसेई लाइन पकडून हिएइझान-साकामोतोला उतरा, वीसेक मिनिटं लागतात. पुढे टॅक्सी नको, चालत जा. चढ साधा आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगाला चुना न वापरता रचलेल्या दगडी भिंती लागतील. आनो गावच्या पाथरवटांचं हे काम, पुढे किल्ले बांधायलाही त्यांनाच बोलावलं जायचं. भिंतींच्या आत म्हाताऱ्या झालेल्या भिक्षूंना राहायला दिलेली जुनी घरं आहेत. शिंतो देवाकडे जायची वाट अशी बौद्ध वस्तीतून जाते.

मग तोरी येते, म्हणजे देवस्थानाची कमान. जपानभर जी तोरी दिसते तिला वर आडवे वासे असतात. इथे त्यांच्यावर एक त्रिकोण बसवलेला आहे. ही सान्नो तोरी, बुद्ध आणि कामी, म्हणजे शिंतो देव, एकत्र आल्याची खूण म्हणतात. फोटो काढायचाच तर त्रिकोण कापू नका.

हात धुवायची रीत: पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. पळी तोंडाला लावायची नाही. देवापुढे नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. नारळ, उदबत्ती, गुलाल बॅगेतच राहू दे. अंबाबाईचं मुखदर्शन घेतल्याशिवाय ज्यांना घास जात नाही, ती मंडळी इथे माना उंचावून मूर्ती शोधतात. मूर्ती दिसणार नाही. देव बंद दाराआड असतो आणि दार तुमच्यासाठी उघडत नाही.

आता माझं आवडतं काम. पश्चिमेचं आणि पूर्वेचं अशी दोन मुख्य देवळं आहेत. पश्चिमेचं 1586 चं, पूर्वेचं 1595 चं, दोन्ही राष्ट्रीय ठेवा. 1571 साली ओदा नोबुनागा या सरदाराने मठासकट हे सगळं जाळलं होतं, म्हणून त्याआधीचं काही उरलं नाही. छप्पर बघून झालं की खाली वाका आणि जोत्याकडे बघा. जमीन इतकी उंच का उचललीय? तर खाली एक खोली आहे, तिला गेदेन म्हणतात. त्या खोलीत भिक्षू बौद्ध पूजा करायचे. वर कामी, त्याच्या पायाखाली बुद्ध. प्रत्येक कामीला एक बुद्ध किंवा बोधिसत्त्व नेमलेला असे: पश्चिमेच्या देवाला शाक्यमुनी, पूर्वेच्या ओयामाकुईला भैषज्यगुरू, म्हणजे रोग बरे करणारा बुद्ध. हा दुसरा लक्षात ठेवा, वर पुन्हा भेटेल.

ही बौद्ध पूजा आज तिथे का नाही? 1868 साली मेइजी सरकारने कामी आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला. तोवर इथला कारभार मठाकडे होता. शिंतो पुजाऱ्यांची टोळी गाभाऱ्याच्या किल्ल्या मागायला आली, मठाने दिल्या नाहीत, तेव्हा दारं फोडून बुद्धमूर्ती आणि सूत्रांच्या पोथ्या बाहेर काढून जाळल्या. देशभर जे झालं त्याची सुरुवात याच आवारात झाली. गेदेन बघताना हे माहीत असलं म्हणजे रिकामी जागाही बोलते.

पालख्यांची कोठी चुकवू नका. त्यांना मिकोशी म्हणतात. 1095 पासून पुढे कितीतरी वेळा मठाचे भिक्षू याच देवाच्या मिकोश्या उचलून राजधानीत, म्हणजे क्योतोत, न्यायचे आणि मागण्या मान्य होईपर्यंत दरबाराला घोर लावायचे. जोतिबाची पालखी उद्या मंत्रालयाच्या दारात नेऊन ठेवली तर कोण अधिकारी तिला हात लावेल? शिराकावा सम्राट म्हणे सांगायचा की तीन गोष्टी माझ्या हातात नाहीत: कामो नदीचं पाणी, सोंगट्यांचं दान आणि डोंगरावरचे भिक्षू.

गुडघे चांगले असतील तर हाचिओजी टेकडी चढा, अर्धा तास धरा. माथ्यावर दोन देवळांच्या मधोमध एक भला मोठा खडक आहे, मूळ स्थान तेच. गुडघे कुरकुरत असतील तर पश्चिमेच्या दारावर छपराखाली कोरलेली माकडं मोजत बसा. माकड हा या देवाचा दूत.

मग केबल गाडी. 2,025 मीटरची, जपानातली सर्वात लांब, 1927 पासूनची. डबा घेऊन जा, कारण गावातल्या सोबाच्या (जपानी शेवयांच्या) रश्शात मासा असतो. ‘व्हेज’ म्हणून विचारलंत तर वरचे तुकडे काढून देतील, रस्सा तोच. वर भिक्षूंचं शोजिन जेवण मिळतं, ते मात्र शुद्ध शाकाहारी.

वर कोन्पोन चूदो या मुख्य सभागृहात टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे. इथला मुख्य बुद्ध भैषज्यगुरू. खाली ज्याला डोंगरदेवाशी जोडला होता, तोच. समोरचा नंदादीप साइचोच्या काळापासूनचा. 1571 च्या आगीत विझला, तेव्हा याच दिव्यावरून पूर्वी लावून उत्तरेच्या यामादेरा या देवळात नेलेली ज्योत परत आणली.

तारीख धरताना एप्रिलचा मोह होतो, कारण 12 ते 15 एप्रिल सान्नो उत्सव. पण चैत्र यात्रा बऱ्याचदा त्याच सुमारास येते, आणि ज्यांच्या घरी सासनकाठी आहे ते कोल्हापूर सोडणार नाहीत, सोडूही नये. त्यांना मी 26 मे सुचवते. मुलांना सुट्टी असते, आणि त्या दिवशी मठाचे भिक्षू खाली येऊन पश्चिमेच्या देवळापुढे सद्धर्मपुंडरीक सूत्राचं पठण करतात, शिंतो पुजाऱ्यांच्या साक्षीने. हॉटेल क्योतोत घ्या, साकामोतोत राहायची सोय फार नाही, आणि सकाळी लवकर निघा.