चार गुंठ्यांत कोंबड्या आणि भाजी: आधी जाळी, मग पिल्लं

कोंबडी आणि मेथी यांचं जमत नाही. मेथी टाकून वाफा सारखा केला की कोंबडी तिथं उकरायला हजर. म्हणून घरामागं दोन्ही करायचंय असं कुणी म्हणालं की मी आधी एकच विचारते, जाळी आणली का? पिल्लांचा भाव नंतर विचारा.

आमचं घर कोल्हापूर जिल्ह्यात, भोगावतीच्या खोऱ्यात, राधानगरी रस्त्याच्या बाजूला. चहूकडं ऊस. उसातून सुटलेली घरामागची चार गुंठे जागा, म्हणजे साधारण ४,३५० चौरस फूट. एवढ्यात वीस कोंबड्या आणि घरची भाजी आरामात बसते. पन्नास कोंबड्या बसत नाहीत. पिल्लं विकणारा पन्नास घ्या म्हणतो, त्याचं काय जातंय? मोठी गावरान कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाते. वीस कोंबड्यांना महिन्याला ६० किलो. बाहेर हिंडून, पाला-किडे खाऊन यातलं बरंचसं भागतं, पण पन्नासांना हिंडायला एवढ्या जागेत गवत उरत नाही, महिनाभरात सगळी भुई उघडी पडते.

एक गुंठा कोंबड्यांना, अडीच गुंठे भाजीला, उरलेल्यात खताची रास आणि सांडपाण्यावर अळू-केळी. मध्ये सहा फूट उंच जाळी. गावरान कोंबडी उडते, त्यामुळं एका बाजूच्या पंखाची मोठी पिसं कातरायची. दुखत नाही, पिसं परत येतात.

खुराडं उंचवट्यावर, लांब बाजू पूर्व-पश्चिम, जोतं दीड-दोन फूट. आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही, तिरपा येतो, म्हणून पत्रा भिंतीबाहेर तीन फूट काढा. रात्री बसायला कोंबडीमागं दीड-दोन चौरस फूट धरा. बसायला आडवे बांबू, अंडी घालायला पाच कोंबड्यांना एक खोका, अंधाऱ्या कोपऱ्यात. जाळीत काटकसर करू नका. सहा कोनांची पातळ जाळी कोंबड्या अडवते, मुंगूस आणि कुत्री अडवत नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि खाली फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा. उसाची तोड सुरू झाली की फडातला मुंगूस घराकडं सरकतो. दिवाळीच्या आधी जाळीभोवती एक फेरी मारून भोकं बघाच.

आता खरी गोष्ट, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. ऊस तुटला की गावात पाचट पेटवतात आणि दुसरीकडं पोल्ट्रीवाले खाली अंथरायच्या तुसासाठी पैसे मोजतात. पाचट कुट्टी यंत्रातून काढून बोटभर तुकडे करा आणि खुराड्यात चार इंच थर द्या. भाताचं तूस मिळालं तर निम्मं-निम्मं घाला, नुसतं पाचट दबून गच्च बसतं. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं खालवर करा. मूठभर उचलून दाबा: गोळा झाला तर ओल जास्त, भुगा सुटला तर ठीक. खाली वाकल्यावर डोळ्यांत झोंबलं तर समजा अमोनिया साठलाय. कोरडं पाचट टाका, वारा खेळू द्या. पावसाळ्यात हे चुकलं की महिनाभराच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिचं औषध मिळतं, पण कोरडी भुई त्याहून स्वस्त पडते.

हीच गादी पुढं भाजीचं खत. कोंबडीची ताजी विष्ठा झाडाला थेट घालायची नाही. त्यात नत्र एवढं असतं की वांग्याचं रोप दोन दिवसांत करपतं. खुराड्यातला माल एक पाटी, कोरडं पाचट आणि पाला दोन-तीन पाट्या, मध्ये शेणकाला शिंपडत कमरेएवढी रास लावा. ओल अशी, की मूठ आवळली तर बोटांत पाणी जाणवावं, पण टपकू नये. चार-पाच दिवसांनी आत हात घालवणार नाही इतकी तापते. थंड झाली की उलटा, पुन्हा तापेल. पाचट चिवट असतं, कुजायला वेळ घेतं, त्यामुळं तीन महिने धरा. वास मातीसारखा आला आणि पाचटाचा तुकडा बोटांत मोडला की तयार. मुळा, काकडी, कोथिंबीर अशा कच्च्या खायच्या भाज्यांना अर्धवट खत अजिबात नको, त्यातले जंतू थेट ताटात येतात.

एवढं झाल्यावर पिल्लं. मी फेब्रुवारीत आणायला सांगते, कारण तोपर्यंत कडाका ओसरलेला असतो, पाऊस लांब असतो आणि पिल्लं आखाडापर्यंत मोठी होतात. गावरान, की बंगळूरची गिरिराज, की हैदराबादची वनराजा? सुधारित जातीची अंडी जास्त, वाढ लवकर, पण त्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. म्हणून दोन-तीन अस्सल गावरान कोंबड्या ठेवाच. खुडूक झालेली एक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसवा, २१ दिवसांत पिल्लं. अंडी आठवड्याच्या आतली घ्या. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडावर धरून बघा: आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, मोकळं दिसलं तर काढून टाका.

विकतच्या पिल्लांना आईची ऊब नसते, ती बल्बनं द्यायची. पत्र्याचं गोल कडं, मध्ये बल्ब, पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढं दर आठवड्याला तीन-एक अंश कमी. थर्मामीटर नसला तर पिल्लांकडं बघा. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, कडेला चोच उघडून उभी राहिली तर उकडतंय.

लशीला आळस नको. मानमोडी (राणीखेत रोग) एकदा वाड्यात शिरली की खुराडं रिकामं करूनच जाते. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा परत, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्यात मानमोडीची टोचायची लस. तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्क्या करून घ्या. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्लांसाठी एकट्यानं आणणं परवडत नाही. गल्लीतल्या चार घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणली तर लस एकदम होते. आणताना बर्फात, संध्याकाळच्या गारव्यात द्या. आणि एकाएकी तीन-चार पक्षी मेले तर कापून खाऊ नका, दवाखान्यात कळवा.

भाजीचं मी थोडक्यात सांगते, ते प्रत्येक घरात येतंच. पावसाळ्यात गादीवाफा, तीन-चार फूट रुंद, वीतभर उंच, कडेनं चर. पालेभाजी जुलैच्या झडीत कुजते, तिच्यामागं लागू नका. तेव्हा मांडवावर दोडका, कारली, घेवडा. गणपतीनंतर मेथी, शेपू, पोकळा, चाकवत, कोथिंबीर, दर पंधरा दिवसांनी एकेक वाफा, म्हणजे एकदम सगळी फुलोऱ्यावर येत नाही. वांगी-मिरचीचं तरू ऑगस्टमध्ये टाका, रोपं पाच-सहा आठवड्यांत लावायला येतात. उन्हाळ्यात भेंडी-गवारी. बांधावर शेवगा, दरवर्षी छातीएवढा छाटायचा, शेंगा घराला आणि पाला कोंबड्यांना.

कोंबड्या भाजीत कधी सोडायच्या, तर दोन वेळा. एक, वाफा रिकामा झाल्यावर. आठ-दहा दिवसांत तण, बी, हुमणीच्या अळ्या सगळं साफ करतात. मग महिनाभर वाफा झाकून ठेवा आणि पुढचं पीक शिजवून खायचं घ्या. दुसरी, दोडक्याचा वेल मांडवावर पूर्ण चढल्यावर. खाली सावली, वर पीक. फक्त बुंध्याभोवती दगड रचा, नाहीतर मुळं उघडी करतात. फळमाशीनं सडून पडलेलं कारलं-दोडकं कोंबडी अळीसकट खाते, त्यामुळं पुढची पिढी मातीत जात नाही. वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला की आत अळी असते. तो खुडून जाळीपलीकडं टाका. बाकीचा सडका माल रोज सकाळी एक पाटी त्यांच्याकडं गेला पाहिजे. मात्र औषध फवारलेलं काहीही द्यायचं नाही.

आणि शेजारच्या उसाकडं लक्ष ठेवा. टू-फोर-डी तणनाशक मारलं की वाऱ्यानं ते टोमॅटो-वांग्यावर येतं, पानं सुतळीसारखी वळतात आणि झाड वाया जातं. शेजाऱ्याला भांडून उपयोग नाही. सकाळी वारा पडलेला असताना मारा, आदल्या दिवशी सांगा, एवढं ठरवून घ्या. त्या दिवशी कोंबड्या आत. बांधाच्या कडेला मका किंवा दाट तूर लावली तर थोडं अडतं.

विक्रीचा विचार पिल्लं आणतानाच करा. फेब्रुवारीचे कोंबडे आखाडात तयार होतात. कोल्हापुरातली त्र्यंबोली देवीची यात्रा, गावोगावच्या म्हाया (गावदेवीच्या जत्रा), घरोघरी रस्सा, त्या दिवसांत गावरान कोंबड्याला लोक घरी येऊन विचारतात. श्रावण लागला की तोच कोंबडा नुसता दाणे खात बसतो. त्यामुळं अमावास्येच्या आधी दोन सोडून बाकीचे कोंबडे काढा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, ठेवा. सहाव्या महिन्याच्या आसपास त्या अंड्यावर येतात. त्याआधी शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायला लागा, खाद्यात मिसळू नका, जिला लागतो ती खाते. थंडीत अंड्याला भाव बरा असतो, पण दिवस लहान होतात म्हणून अंडी कमी पडतात. खुराड्यात एक बल्ब पहाटे लावून दिवस मोठा करा, संध्याकाळी नको. एकदम दिवा घालवला तर त्या अंधारात बांबूवर चढू शकत नाहीत. आणि दोन वर्षांनी कोंबडा बाहेरगावचा आणा, घरच्याच रक्तात पिल्लं कमजोर निघतात.