सुपरहिरोच्या सिनेमातली चूक कशी पकडायची, आणि पकडल्यावर ती खरंच चूक आहे का ते कसं बघायचं

पहिल्यांदा बघताना वही काढूच नका. सिनेमा नुसता बघा, शेंगा खा, मजा घ्या, कारण चूक शोधायला म्हणून बसलं की गोष्ट हातातून निसटते आणि गोष्टच नीट कळली नसेल तर चूक कुठं झाली ते कसं कळणार. पहिल्या वेळी एवढंच करायचं, की "अरे मघाशी तर हे असं नव्हतं" असं ज्या जागी वाटलं ती जागा लक्षात ठेवायची. माझे वडील इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला होते, ते कापड टेबलावर पसरलं की आधी सगळ्यावरनं नुसता हात फिरवायचे, बोट अडलं की खडूनं खूण करून पुढं जायचे आणि सगळं झाल्यावर मग खुणेपाशी परत येऊन धागा कुठला तुटलाय ते बघायचे. मी सिनेमा तसाच बघतो आणि आठवीतल्या भाच्यालाही तेच शिकवलंय.

दुसऱ्या वेळी वही घ्या आणि तिची चार पानं वेगळी करा. एक कंटिन्यूइटीचं, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना वस्तू, कपडे, जखम, उजेड बदलला ते. दुसरं काळाचं, म्हणजे सन, वय, "इतक्या वर्षांनी" असली गणितं. तिसरं सिनेमाने स्वतःच सांगितलेला नियम स्वतःच मोडला त्याचं. चौथं बाहेरच्या जगातल्या गोष्टींचं, म्हणजे भूगोल, इतिहास, भाषा, विज्ञान. लोक हे सगळं एकाच टोपलीत टाकतात आणि मग भांडणं होतात, एक जण म्हणतो चूक आहे, दुसरा म्हणतो अरे सुपरहिरोचा पिक्चर आहे बे सोड की, आणि दोघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

कंटिन्यूइटीपासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं. प्रॅक्टिसला २००२ चा पहिला 'स्पायडर-मॅन' घ्या, त्यात पावसात गल्लीत नायिकेला, मेरी जेनला, गुंड घेरतात आणि स्पायडर-मॅन त्यातल्या दोघांना मागच्या खिडक्यांच्या काचा फोडून आत फेकतो, आणि थोड्याच वेळात कॅमेरा परत त्याच भिंतीकडे येतो तर खिडक्या धडधाकट. हे इतकं समोर आहे तरी पहिल्या वेळी बहुतेकांना दिसत नाही, कारण आपलं लक्ष मारामारीवर असतं. १९९७ मध्ये डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम असल्या चुका घालून एक छोटी फिल्म केली होती, साधं टेबलावर बसून बोलणं, आणि बघणाऱ्यांना जवळपास काहीच कळलं नव्हतं. म्हणून ट्रिक अशी की तोंडाकडे बघायचंच नाही. सीन परत लावला की हिरोचा चेहरा सोडून कडेला बघा, मागची काच, टेबलावरचा ग्लास, हातातली वस्तू कुठल्या हातात आहे, केस कानामागे आहेत का पुढे, गालावरची जखम डावीकडे का उजवीकडे, कपड्यावरची धूळ कमी झाली का. एका वेळी एकच गोष्ट धरायची, ग्लास तर ग्लासच.

केसांवर खास नजर ठेवा. सिनेमा पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी रीशूट होतं, म्हणजे काही सीन परत काढतात, तेव्हा कलाकाराने दुसऱ्या कामासाठी केस कापलेले असतात. २०१५ च्या 'फँटास्टिक फोर'मध्ये नटी केट माराचा विग चक्क ओळखू येतो आणि त्यावरूनच कुठला सीन नंतर काढलाय ते कळतं. २०१७ च्या 'जस्टिस लीग'च्या रीशूटला सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलला दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवावी लागली होती, ती कॉम्प्युटरवर पुसली, म्हणून सुपरमॅनचा वरचा ओठ काही शॉटमध्ये विचित्र दिसतो. असलं काही सापडलं की माझा राग जातो, कारण त्या चुकीमागे कुणीतरी रात्रभर बसून एकेक फ्रेम साफ केलीय हे दिसतं.

आणि हेही लक्षात घ्या की एडिटरला बऱ्याच चुका माहीत असतात. वॉल्टर मर्च हे मोठे एडिटर, त्यांनी कट कुठं मारायचा याचं वजन आकड्यात मांडलंय, त्यात भावनेला ५१ टक्के आणि जागेच्या कंटिन्यूइटीला फक्त ४ टक्के. म्हणजे रडणं ज्या टेकमध्ये खरं उतरलं तो टेक घ्यायचा, मग कप डाव्या हातात असला तरी चालेल. म्हणून वहीत चूक लिहिताना शेजारी "माहीत असून ठेवली असेल का" असा एक रकाना ठेवा.

आता उजेड आणि सावली, हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि थोडा जास्त वेळ घेणार आहे. 'द डार्क नाइट राइजेस' (२०१२) मध्ये खलनायक बेन शेअर बाजारावर धाड टाकतो तेव्हा लख्ख दिवस असतो, पाठलाग सुरू होतो, बोगदा येतो आणि बाहेर पडल्यावर रात्र. सीनमधली वेळ काही मिनिटांचीच आहे. सूर्य बुडाल्यावर नीट अंधार पडायला आपल्याकडेच वीसेक मिनिटं जातात, आणि विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका तो वेळ वाढतो, तिकडे अमेरिकेत तर जास्तच. कधीतरी संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून घड्याळ लावून बघा, देवळाचा कळस दिसेनासा व्हायला किती वेळ लागतो, मग असले सीन आपोआप खटकायला लागतात.

सावलीची लांबी तर अजून कामाची. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, खांबाची सावली नाहीशी होते, परत ऑगस्टच्या सुरुवातीला तसंच. न्यूयॉर्क कर्कवृत्ताच्या पुष्कळ वर आहे, तिथं सूर्य डोक्यावर कधीच येत नाही, आणि डिसेंबरच्या शेवटी तर भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुप्पट पडते. म्हणून सिनेमात ख्रिसमसचा सीन न्यूयॉर्कचा म्हणून दाखवला आणि सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गोळा झाल्या असतील तर तो नक्की उन्हाळ्यात काढलाय. भाच्याला हे सांगितल्यापासून तो प्रत्येक सिनेमात पायाकडेच बघायलाय.

काळाचं पान भरायला कागदावर आडवी रेघ मारा आणि सिनेमात बोललेलं प्रत्येक साल, प्रत्येक "इतकी वर्षं झाली" त्या रेघेवर टाका. बाहेरची माहिती आणू नका, आधी सिनेमांच्याच तोंडचं घ्या. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग' (२०१७) मध्ये अ‍ॅव्हेंजर्सच्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतर पडद्यावर "८ वर्षांनंतर" अशी पाटी येते आणि पुढं 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'च्या (२०१६) दिवसांतला पीटरचा, म्हणजे स्पायडर-मॅनचा, व्हिडिओ दिसतो. पण 'सिव्हिल वॉर'मध्येच व्हिजन नावाचं पात्र सांगतं की टोनी स्टार्कने आपण आयर्न मॅन आहोत हे जाहीर केल्याला आठ वर्षं झाली. ती घोषणा तर लढाईच्या आधीची, मग दोन्हीकडून आठ कसे येतील? नाहीच येत, लढाई २०१२ ची धरली तर चारच वर्षं होतात, आणि 'सिव्हिल वॉर'चे एक दिग्दर्शक जो रुसो यांनीही नंतर ती पाटी चुकीची असल्याचं मान्य केलं.

'एक्स-मेन'ची रेघ मारायला मोठा कागद घ्या. 'फर्स्ट क्लास'मध्ये १९६२, मग पुढच्या सिनेमांत १९७३, १९८३, १९९२, एवढ्या तीस वर्षांत तीच माणसं जवळपास तशीच तरुण. शिवाय 'फर्स्ट क्लास'मध्ये त्यांचा प्रमुख प्रोफेसर झेव्हियरला १९६२ लाच गोळी लागून पाय जातात, तर २००६ च्या 'द लास्ट स्टँड'च्या सुरुवातीला वीस वर्षांपूर्वीचा म्हणून जो सीन आहे त्यात तो आरामात चालत एका मुलीच्या घरी जातो. आपल्याकडचं बघायचं तर 'कोई... मिल गया' २००३ चा, 'क्रिश' २००६ चा, मधल्या काळात रोहितचा मुलगा मोठा होऊन प्रेमातही पडतो पण आजूबाजूचं जग जवळपास तेच दिसतं.

तिसरं पान मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुपरहिरोच्या सिनेमाला एक खोटं माफ, हे आधीच कबूल करून टाका. 'मिस्टर इंडिया'त (१९८७) माणूस गायब होतो, आता खरं बघायला गेलं तर पूर्ण अदृश्य माणूस आंधळा असेल, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उजेड अडला तरच दिसतं आणि तो आरपार गेला तर काहीच दिसणार नाही. पण हे आपण चूक म्हणून लिहीत नाही, ते तिकिटासोबत मान्य केलंय. त्यानंतर मात्र सिनेमाने सांगितलं की लाल उजेडात तो दिसतो, तर तो नियम सिनेमाने शेवटपर्यंत पाळला पाहिजे, आणि पाळला का ते बघणं आपलं काम. 'अँट-मॅन'मध्ये (२०१५) तो पोशाख बनवणारा शास्त्रज्ञ हँक पिम समजावून सांगतो की अणूंमधलं अंतर कमी होतं, म्हणून मुंगीएवढा झाला तरी ठोसा पूर्ण माणसाच्या ताकदीचा. बरं, मग वजन तेवढंच राहिलं ना? मग तो मुंगीवर बसून उडतो कसा, आणि हँक स्वतः चावीच्या जुडग्याला बारीक केलेला खराखुरा रणगाडा लावून फिरतो तो खिसा फाडून खाली कसा पडत नाही? हे विज्ञानाशी भांडण नाहीये, सिनेमानेच केलेल्या नियमाशी आहे, म्हणून ही चूक पक्की.

चौथ्या पानावर आकडेमोड करायला घाबरू नका, शाळेतलं पुरतं. कुणी इमारतीवरून पडली आणि हिरोने तीन सेकंदांनी झेलली असं धरा. तीन सेकंदांत वेग सेकंदाला साधारण २९ मीटर, म्हणजे ताशी १०६ किलोमीटरच्या आसपास. तिला हाताच्या अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवलं तर शरीराला वजनाच्या अठ्ठ्याऐंशी पट धक्का बसतो, म्हणजे जमिनीने केलं असतं तेच हिरोच्या हातांनी केलं. क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे घेतो तसं हिरोने तिच्यासोबत खाली जात जात वेग कमी केला पाहिजे, सीनमध्ये तसं दिसलं तर दाद द्या. स्पायडर-मॅनच्या कॉमिकने हे १९७३ मध्येच दाखवलं होतं, त्याची मैत्रीण ग्वेन स्टेसी पडताना त्याच्या जाळ्यात अडकते आणि त्या झटक्यानेच जाते.

भाषेच्या चुका पकडण्यात सोलापूरकरांचा हात कोण धरणार, एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकत वाढलेलो आपण. 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये (२०१२) ब्रूस बॅनर, म्हणजे हल्क, कोलकात्यात आजारी लोकांना तपासतो तिथं कानावर हिंदी पडतं आणि ते शूटिंग झालंय अमेरिकेत न्यू मेक्सिकोत. इथं घाई करू नका, कोलकात्यात हिंदी बोलणारेही भरपूर आहेत, म्हणून अशक्य नाही, पण वस्तीत बंगाली कानावर येऊच नये हे खटकतं, तेवढंच लिहा. इतिहासातही तसंच, 'वंडर वुमन'मध्ये (२०१७) जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ १९१८ ला मरतो आणि खरा लुडेनडॉर्फ १९३७ ला गेला, पण ते त्यांनी मुद्दाम बदललंय, त्याला चूक म्हणण्याऐवजी "बदल" लिहा.

काय लिहायचंच नाही तेही सांगतो. कलाकार बदलला, जसा आयर्न मॅनचा मित्र रोडीच्या भूमिकेत टेरेन्स हॉवर्डच्या जागी डॉन चीडल आला, ती चूक नाही. 'द डार्क नाइट राइजेस'मध्ये विहिरीसारख्या तुरुंगातून वर आल्यावर मागे जोधपूरचा मेहरानगड दिसतो, तीही नाही, कारण तो तुरुंग कुठल्या देशात आहे हे सिनेमा सांगतच नाही. आणि काही चुका पुढं दुरुस्त होतात, 'थॉर'मध्ये (२०११) ओडिनच्या खजिन्यात तो रत्नांचा हातमोजा दिसला होता, पुढं खलनायक थॅनोसकडेही तसाच दिसला, तर 'रॅग्नारॉक'मध्ये (२०१७) थॉरची बहीण हेला तो खजिन्यातला हातमोजा खाली पाडून खोटा आहे म्हणते. वहीत ती नोंद खोडू नका, शेजारी "दुरुस्त, २०१७" लिहा.

आता तपासणी. व्हीएलसीमध्ये ई बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढं सरकते, सेकंदाला चोवीस असतात, कट कुठं पडला ते तिथंच सापडतं. कुठली प्रत बघितली ते लिहायचंच, मी एकदा एका सिनेमात हिरोच्या हातावरची पट्टी अचानक गायब झाली म्हणून चार जणांना सांगत सुटलो आणि नंतर कळलं की टीव्हीवर दाखवताना मधला पट्टी काढायचा सीनच कापला होता, त्या दिवसापासून पूर्ण प्रत बघितल्याशिवाय नोंद पक्की करत नाही. टॉकीजमध्ये फ्रेमच्या वर माइक लोंबताना दिसला तर तोही कधीकधी पडद्यावर फ्रेम नीट न बसवल्यामुळे असतो, सिनेमाचा दोष नसतो. डबिंगचं तर वेगळंच, हिंदीत किंवा तेलुगूत आकडा चुकीचा ऐकला तर आधी मूळ इंग्रजी लावून बघा, बिलियन म्हणजे शंभर कोटी, तिथं बोलताना शून्य हमखास पडतं.

नोंद अशी लिहा: सिनेमा, साल, प्रत, तास-मिनिट-सेकंद, आधी काय होतं, नंतर काय झालं, कुठलं पान. "खिडकी चुकली" असं नको, "दोन काचा फुटल्या, नंतर दोन्ही शाबूत" असं. मग ज्याने तो सिनेमा बघितला नाही त्याला दोन्ही शॉट दाखवा आणि काही न सांगता विचारा काय बदललं. त्याला स्वतःहून दिसलं तर शाईने लिहा, नाही दिसलं तर पेन्सिलीतच राहू द्या. भाच्याच्या वहीत सध्या अकरा पेन्सिलीतल्या आहेत आणि त्यातली एक, अँट-मॅनच्या मुंगीच्या पंखांबद्दलची, आम्ही येत्या रविवारी परत लावून बघणार आहोत.