अरब राजकारणाची बातमी मुळापासून कशी वाचावी

सीरिया, इराक, येमेन किंवा इजिप्तमधील घडामोडी आपल्यापर्यंत पोहोचतात त्या बहुधा 'शिया विरुद्ध सुन्नी' किंवा 'हुकूमशाही विरुद्ध लोकशाही' अशा तयार चौकटीत बसवूनच. या चौकटी सर्वस्वी खोट्या नाहीत, पण त्यांच्या आधाराने फार पुढे जाता येत नाही. सौदी अरेबिया आणि कतार ही दोन्ही सुन्नी राज्ये आहेत, दोन्हींवर वहाबी या कट्टर सुन्नी परंपरेचा ठसा आहे आणि दोन्हींकडे वंशपरंपरागत राजेशाही आहे. तरीही जून २०१७ मध्ये सौदी अरेबियाने संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांच्यासह कतारशी संबंध तोडून त्याची नाकेबंदी का केली, याचे उत्तर यांपैकी कोणत्याही चौकटीत सापडत नाही. अशा वेळी मला तीन जुने प्रश्न अधिक उपयोगी वाटतात: सैन्यात अधिकारी म्हणून कोणाला शिरकाव मिळाला, सत्तेबाहेर कोणाला ठेवले गेले आणि खर्चाचा पैसा कोणाकडून आला. हे प्रश्न बातमीला कसे विचारावेत, ते पुढे दिले आहे.

आधी नकाशा पाहावा

ज्या देशाची बातमी असेल त्याच्या सीमा कोणी आणि केव्हा आखल्या, हे सर्वप्रथम शोधावे. पहिल्या महायुद्धापूर्वी आजचे सीरिया, लेबनॉन, इराक, जॉर्डन आणि पॅलेस्टाईन हे सारे प्रदेश उस्मानी (ऑटोमन तुर्की) साम्राज्यात होते. १९१५-१६ मध्ये ब्रिटनचे इजिप्तमधील उच्चायुक्त मॅकमहॉन यांनी मक्केचे शरीफ (शासक) हुसेन यांना पत्रांतून स्वतंत्र अरब राज्याची आशा दाखवली, मे १९१६ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी सायक्स-पिको करारान्वये त्याच प्रदेशाची आपसांत वाटणी ठरवली, आणि नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्याने पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा दिला. एकाच भूमीबद्दल तीन पक्षांना दिलेल्या या शब्दांची आठवण अरब जगात आजही ताजी आहे.

येथे एक खबरदारी घ्यावी. आजच्या सीमा म्हणजे सायक्स-पिकोची रेषा, असे विधान अनेक लेखांत सरसकट केलेले आढळते, पण ते बरोबर नाही. त्या करारात आज इराकमध्ये असलेले मोसुल फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात होते आणि पॅलेस्टाईन आंतरराष्ट्रीय प्रशासनाखाली जायचे होते. प्रत्यक्ष वाटणी १९२० च्या सान रेमो परिषदेत आणि त्यानंतरच्या वाटाघाटींत झाली, आणि त्यातही स्थानिक उठावांचा वाटा मोठा होता. सगळे खापर एका कागदावर फोडले की अरबांनी स्वतः केलेले राजकारण नजरेआड होते.

नकाशा समजण्यासाठी एका माणसाचा माग काढणे सोयीचे जाते. शरीफ हुसेन यांचे पुत्र फैसल मार्च १९२० मध्ये दमास्कसमध्ये सीरियाचे राजे म्हणून घोषित झाले, २४ जुलै १९२० रोजी मैसलून येथे फ्रेंच सैन्याने त्यांच्या फौजेचा पराभव करून त्यांचे राज्य संपवले, आणि ऑगस्ट १९२१ मध्ये ब्रिटिशांनी त्यांनाच बगदादमध्ये इराकच्या गादीवर बसवले. इराकमध्ये १९२० साली मोठा उठाव झाल्यामुळे ब्रिटिशांना तेथे एखादा मान्यवर अरब चेहरा हवा होता. फैसल यांच्याबरोबर उस्मानी सैन्यात घडलेले, प्रामुख्याने सुन्नी, अरब अधिकारी आले आणि नव्या राज्याची यंत्रणा त्यांच्या हाती गेली. बहुसंख्य शिया समाज मात्र दूर राहिला. फैसल यांचे बंधू अब्दुल्ला यांना ट्रान्सजॉर्डन मिळाले, आणि त्यांचेच पणतू आज जॉर्डनचे राजे आहेत. खुद्द हुसेन यांच्याकडील हिजाझ (मक्का-मदिनेचा प्रदेश) मात्र १९२४-२५ मध्ये सौदी राजघराण्याचे इब्न सौद यांनी जिंकून घेतले. जॉर्डन आणि सौदी राजघराण्यांमध्ये पुढे कित्येक दशके टिकलेल्या अविश्वासाचे मूळ तेथे आहे.

या इतिहासात महाराष्ट्राचाही धागा आहे. १९१४ च्या अखेरीस बसरा घेणारी ब्रिटिश फौज मुंबईहून निघाली होती, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधील कुत येथे उस्मानी सैन्यापुढे शरण गेलेली तुकडी 'पूना डिव्हिजन' म्हणून ओळखली जात होती. तीत मराठा पलटणी होत्या. दक्षिण येमेनमधील एडन बंदर तर १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभाराखाली होते. येमेनमध्ये आजही दक्षिणेला वेगळे राज्य हवे अशी मागणी का उठते, हे कळण्यासाठी एवढे ध्यानात घ्यावे की एडन आणि त्याभोवतीचा मुलूख उत्तरेच्या इमामशाहीपासून (धर्मप्रमुख इमामाच्या राज्यापासून) वेगळा ब्रिटिश अमलाखाली राहिला, १९६७ मध्ये स्वतंत्र देश झाला आणि उत्तरेशी त्याचे एकीकरण १९९० मध्ये झाले.

झेंडा वाचावा

बातमीसोबतच्या छायाचित्रात झेंडा दिसला तर तो लक्षपूर्वक पाहण्याची सवय लावावी. काळा, पांढरा, हिरवा हे पट्टे आणि सोबत लाल रंग ही १९१६ च्या अरब उठावाची खूण आहे. जॉर्डन, पॅलेस्टाईन, कुवेत आणि अमिराती यांच्या झेंड्यांत ती टिकली आहे. लाल, पांढरा, काळा असे आडवे पट्टे मात्र इजिप्तमधील १९५२ च्या लष्करी क्रांतीतून आले आणि तिचे नेते नासर यांच्या प्रभावाबरोबर इतर प्रजासत्ताकांत पसरले.

इराकचा झेंडा तर जवळून पाहण्यासारखा आहे. १९६३ मध्ये इजिप्त, सीरिया आणि इराक यांचे संघराज्य होईल या आशेने त्यावर तीन हिरवे तारे आले. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या तोंडावर, सद्दाम हुसेन यांनी ताऱ्यांच्या मधोमध 'अल्लाहु अकबर' ही अक्षरे घालून धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या, अरब ऐक्यवादी बाथ पक्षाच्या राजवटीला धर्माचा आधार दिला. सद्दाम यांच्या पाडावानंतर २००४ मध्ये त्या अक्षरांचे वळण बदलण्यात आले आणि २००८ मध्ये तारे काढले गेले, पण अक्षरे राहिली. अरब ऐक्याचे स्वप्न, त्याचा शेवट आणि त्याच्या जागी आलेली धार्मिक भाषा, हा सारा प्रवास एका कापडावर दिसतो. लिबियात २०११ मध्ये बंडखोरांनी राजेशाहीच्या काळातील झेंडा पुन्हा उभारला आणि सीरियात डिसेंबर २०२४ नंतर हिरवा-पांढरा-काळा जुना झेंडा परत आला. ज्या पर्वाशी नाते सांगायचे त्याचाच झेंडा प्रत्येक नवी सत्ता हाती घेते.

सैनिकी शाळेत कोण गेले ते शोधावे

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. इजिप्तची सैनिकी अकादमी १९३६ च्या सुमारास मध्यमवर्गीय घरांतील मुलांना खुली झाली. टपाल कर्मचाऱ्याचा मुलगा असलेले नासर तेथून १९३८ मध्ये अधिकारी म्हणून बाहेर पडले आणि चौदा वर्षांनी त्यांच्याच गटाने राजे फारूक यांना पदच्युत केले.

सीरियाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. फ्रेंचांनी आपल्या स्थानिक पलटणींत अलवी (शिया परंपरेतून निघालेला पंथ), द्रुझ (वेगळा धर्मपंथ) यांसारख्या अल्पसंख्य समाजांतील तरुणांची भरती मोठ्या प्रमाणावर केली. १९४६ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा दमास्कस आणि हलब (अलेप्पो) येथील जमीनदार सुन्नी घराण्यांना सैन्यातील नोकरी कमी प्रतीची वाटत असे, तर लताकियामागच्या डोंगरातील गरीब अलवी कुटुंबांच्या दृष्टीने होम्सची सैनिकी अकादमी म्हणजे खर्चाविना शिक्षण आणि कायमचा पगार मिळवून देणारी वाट होती. करदाहा गावचे हाफिज अल-असद याच वाटेने आले. १९५८ मध्ये सीरिया आणि इजिप्त यांचे एकीकरण होताना नासर यांनी सीरियातील सर्व पक्ष विसर्जित करण्याची अट घातली. त्यामुळे अस्वस्थ झालेल्या आणि कैरोमध्ये नेमणुकीवर असलेल्या काही बाथवादी अधिकाऱ्यांनी गुप्त लष्करी समिती स्थापन केली. मुहम्मद उमरान, सलाह जदीद आणि असद हे तिच्यातील प्रमुख होते आणि तिघेही अलवी होते.

पुढचा क्रम सत्तासंघर्षाचा आहे. ८ मार्च १९६३ रोजी या अधिकाऱ्यांनी इतर गटांच्या साथीने सत्ता घेतली, १९६६ मध्ये पक्षाचे संस्थापक मिशेल अफलाक आणि सलाह बितार यांनाच हुसकावून लावले, आणि नोव्हेंबर १९७० मध्ये असद यांनी जदीद यांना तुरुंगात टाकले, जेथे १९९३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. अफलाक यांना पुढे बगदादच्या बाथ राजवटीने आश्रय दिला. एकाच पक्षाच्या या दोन राजवटींचे वैर इतके विकोपाला गेले की १९८० ते १९८८ च्या युद्धात सीरियाने अरब इराकऐवजी इराणची बाजू घेतली. त्या निर्णयाला निव्वळ शिया बंधुभाव म्हणणे म्हणजे कित्येक वर्षांचे पक्षांतर्गत वैर पुसून टाकणे होय. फेब्रुवारी १९८२ मध्ये हमा शहरातील मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी राजकीय संघटनेचा उठाव असद यांनी हजारो माणसांच्या प्राणांची किंमत घेऊन चिरडला. २०११ नंतर दोन्ही बाजू किती निर्धाराने लढल्या हे त्या शहराच्या आठवणीशिवाय कळत नाही.

म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये हाफिज यांचे पुत्र बशर अल-असद यांची राजवट कोसळल्यानंतरच्या बातम्या वाचताना नव्या सैन्याची भरती कोणत्या भागांतून आणि कोणत्या समाजांतून होते, यावर नजर ठेवावी. नव्या सत्ताधाऱ्यांनी जुने सैन्य आणि बाथ पक्ष बरखास्त केले आहेत. इराकमध्ये मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने नेमके हेच केले होते, आणि नोकरी, वेतन व मान गमावलेले कित्येक अधिकारी बंडखोरांना, पुढे काही जण 'इस्लामिक स्टेट'ला जाऊन मिळाले.

बाहेर कोण राहिले आणि पैसा कोणाचा

इजिप्तमध्ये १९२८ साली इस्माईलिया येथे हसन अल-बन्ना यांनी मुस्लिम ब्रदरहुडची स्थापना केली. ऑक्टोबर १९५४ मध्ये अलेक्झांड्रियात नासर यांच्यावर गोळीबार झाल्यानंतर संघटनेवर बंदी आली, हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि अनेकांनी आखाती देशांत आश्रय घेतला. सौदी राजघराण्याला तेव्हा नासर यांच्या प्रजासत्ताकवादाविरुद्ध धर्माच्या भाषेत बोलणारी माणसे हवीच होती. पण मतपेटीतून सत्ता मागणारी धार्मिक संघटना ही राजेशाहीच्या दृष्टीने प्रजासत्ताकवादाइतकीच धोकादायक असते, आणि २०१२ मध्ये ब्रदरहुडचे मुहम्मद मुर्सी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर रियाध (सौदी) व अबू धाबी (अमिराती) यांना ती भीती समोर दिसली. ३ जुलै २०१३ रोजी सैन्याने मुर्सी यांना हटवले तेव्हा या दोन राजधान्यांनी नव्या राजवटीला भरघोस आर्थिक मदत दिली. कतारने ब्रदरहुडची पाठराखण सोडली नाही. सुरुवातीला उल्लेख केलेल्या नाकेबंदीमागील मोठे कारण हेच होते.

पैशाचा प्रश्न विचारताना १९६७ ची अरब राष्ट्रप्रमुखांची खार्तूम परिषद आठवावी. नासर यांचे हजारो सैनिक १९६२ पासून येमेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने आणि सौदी अरेबियाचा पैसा इमामाच्या बाजूने लढत होता. जूनच्या युद्धात इस्रायलकडून पराभव पत्करल्यावर आणि सुएझ कालवा बंद पडल्यावर नासर यांना ज्यांची ते निर्भर्त्सना करत आले होते त्याच तेलसंपन्न राजांकडून वार्षिक मदत स्वीकारावी लागली आणि येमेनमधून सैन्य मागे घ्यावे लागले. अरब नेतृत्व कैरोकडून रियाधकडे सरकू लागले ते तेव्हापासून. १९७३ च्या तेल दरवाढीने हा बदल पक्का केला.

बातमी ज्या माध्यमातून आली त्यालाही हाच प्रश्न लावावा. अल जझीरा ही वाहिनी १९९६ मध्ये कतारच्या पैशावर सुरू झाली आणि अल अरेबिया २००३ मध्ये सौदी भांडवलावर. कोणतीही मोठी घटना दोन्हींवर पाहावी, एकीने ठळकपणे दाखवलेला पण दुसरीने वगळलेला तपशील वहीत टिपावा, आणि त्या तपशिलात कोणत्या जुन्या गटाचे नाव येते ते शोधावे. लेबनॉनविषयी वाचताना एवढी एक नोंद हाताशी ठेवावी की राष्ट्राध्यक्ष मारोनी ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचे सभापती शिया ही १९४३ च्या अलिखित समझोत्यातील वाटणी आजही चालू आहे, आणि १९८९ च्या ताइफ कराराने संसदेतील ख्रिस्ती व मुस्लिम जागा समसमान केल्या. त्यामुळे तेथील मंत्रिमंडळ बनण्यास महिनोन्महिने लागले तर त्या विलंबाचे कारण आधी या वाटणीत पाहावे.