रेल्वेची नाणी जमवायची? आधी काटा घ्या, मग नाणं

अल्बम घ्या, हातमोजे घ्या, पेटी घ्या, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. भिंग तेवढं घ्या, बाकीचं सवडीनं. पहिला खर्च करायचा तो ग्रॅमचे दशांश दाखवणाऱ्या छोट्या वजनकाट्यावर. परवडत नसेल तर तालुक्याच्या सोनाराशी ओळख ठेवा.

सुरुवात भोलूपासून. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. त्या दीडशे वर्षांनिमित्त 2003 साली 2 रुपयांचं नाणं निघालं. त्यावर इंजिन शोधू नका. हातात कंदील घेतलेला हत्ती आहे, तोच भोलू गार्ड, रेल्वेचा शुभंकर. याच निमित्तानं 100 रुपयांचं नाणंही निघालं, पण ते संग्राहकांसाठी; बाजारात फिरलं नाही. भोलू मात्र चलनातला, त्यामुळे तो गावातही सापडतो. किराणा दुकानात चिल्लर टिकत नाही, तिथे वेळ घालवू नका. जिथे ती साचते तिथे जा: पिठाची गिरणी, देवळाची दानपेटी, म्हातारीचा डबा. दोनाच्या बदल्यात दोनच द्या. एकदा का दहा दिले, की "भाऊ, माह्याजवळ बी हाये" म्हणत अर्धं गाव दारात येतं, आणि त्यात रेल्वेचं एकही नसतं.

आता अवघड भाग. हातात आली ती वस्तू मुळात नाणं आहे का? माझी सगळ्यात जास्त डोकेफोड इथेच झाली, आणि सल्ला देणारे नेमकं हेच दोन ओळींत उरकतात.

जत्रेत कापडावर मांडलेल्या ढिगात वाफेच्या इंजिनाचा, काळपट, 1853 साल घातलेला 'चांदीचा रुपया' हमखास दिसतो. विकणारा सांगतो, कंपनी सरकारनं पहिल्या गाडीच्या वेळी काढला. यवतमाळ-मूर्तिजापूरकडे त्यात तिथल्या 'शकुंतला' या छोट्या रेल्वेच्या जुन्या गार्डाची गोष्टही जोडून मिळते. गोष्ट ऐका, चहा प्या, पैसे खिशातच ठेवा. 1835 पासूनच्या कंपनीच्या रुपयांवर सन दोनच: 1835 किंवा 1840. पुढे कितीही वर्षं पाडले तरी सन तोच राहिला. चित्र राजाचं नाहीतर राणीचं. गाडीचं एकावरही नाही. म्हणजे 1853 चा रुपया वजन करायच्या आधीच बाद.

बाकी मालाला माझा क्रम ठरलेला आहे. आधी मूल्य आणि देशाचं नाव वाचा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर तो स्मारक बिल्ला. बिल्ला जमवायला हरकत नाही, पण बिल्ल्याच्या भावात. मग काटा: भोलूचं नाणं तांबं-निकेलचं, 6 ग्रॅम, 26 मिलिमीटर, अकरा बाजूंचं. झिजून थोडं कमी भरेल, अर्धा ग्रॅम कमी भरलं तर घेऊ नका. मग लोहचुंबक. पुढच्या काळातली दोनाची स्टीलची नाणी टपकन चिकटतात. भोलू चिकटता कामा नये. पण 'चिकटलं नाही म्हणजे अस्सल' हा गावठी निकाल लावू नका, पितळही चिकटत नाही. शेवटी काठ. नाणं उभं धरून भिंगाखाली सावकाश फिरवा. मधोमध बारीक जोडरेघ दिसली, मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणावरच्या नावासारख्या बोथट वाटल्या, तर तो साच्यात ओतलेला माल. नाणं ठशानं पाडतात, ओतत नाहीत. यातली एकही परीक्षा घ्यायला विकणारा नाही म्हणत असेल तर उठा तिथून.

धुणं: चिंच नको, लिंबू नको, राख नको, टूथपेस्ट तर नकोच. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाही. फारच माती असेल तर साधं पाणी, आणि कापडानं टिपणं.

परदेशी नाणी यानंतर. ब्रिटनचं 2004 चं 2 पौंडी, ट्रेव्हिथिक या इंजिनिअरच्या 1804 च्या वाफेच्या इंजिनाच्या द्विशताब्दीचं, पहिलं घ्यावं. 2013 ला लंडनच्या भुयारी रेल्वेची दोन नाणी आली. त्यातल्या गोल बोधचिन्हाच्या नाण्याच्या काठावर 'माइंड द गॅप' कोरलंय, माझं आवडतं. ऑस्ट्रियाचं 2004 चं सेमरिंग रेल्वेचं 25 युरो चांदीचं, मधला भाग नायोबियम या धातूचा, हिरवा. महाग आहे, घाई नको. इंजिनांची ओळख नसेल तर नागपुरात मोतीबागेचं नॅरोगेज संग्रहालय पाहून या. चित्रातलं धुराडं आणि चाकं मग आपोआप कळायला लागतात.

ठेवण्याबाबत शहरातल्या लोकांचं ऐकू नका. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या आपल्या मे महिन्यात घाम सोडतात आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. पुठ्ठ्याची, पारदर्शक खिडकीची चौकट घ्या. टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नका, खालच्या कपाटात ठेवा.

'जुनं नाणं द्या, लाखो घ्या' म्हणून फोन आला आणि आधी कमिशन किंवा कर मागितला, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल बँकेनं 2021 मध्येच सावध केलंय.

प्रत्येक नाण्याची वहीत नोंद करा: कुठून, कितीला, वजन, आणि सनाखालची टांकसाळीची खूण. पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरका चौकोन असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.