इनपुटला मोठा कपॅसिटर लावण्याआधी

सप्लाय जोडला की बोर्डावरचा एलईडी पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. टुक-टुक असा बारीक आवाज येतो आणि कन्व्हर्टर (बोर्डावरचं, आलेलं व्होल्टेज बदलून देणारं सर्किट) काही उठत नाही. अशा वेळी हात आपोआप मोठ्या कपॅसिटरकडे जातो. मीही एकदा इनपुटला २२०० मायक्रोफॅरडचा डकवला. मग एलईडी लुकलुकायचाही थांबला, कारण रिकामा कपॅसिटर भरता भरता अडॅप्टरच प्रोटेक्शनमध्ये गेला, म्हणजे जास्त करंटमुळे स्वतःहून बंद झाला.

तेव्हापासून आधी स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप. प्रोब अडॅप्टरच्या टोकाला नको, बोर्डाच्या टर्मिनलवर लावा. मधल्या वायरमध्ये किती व्होल्ट पडतात तेच तर बघायचंय. करंटसाठी करंट प्रोब उत्तम, नसेल तर ०.०५ ओहमचा शंट, म्हणजे करंटच्या वाटेत घातलेला बारीक रेझिस्टर, चालतो (१० अँपिअरला अर्धा व्होल्ट). ट्रिगर सिंगलवर ठेवा, म्हणजे चालू होतानाचा एकच झटका पकडून स्क्रीन थांबेल. मेनच्या (२३० व्होल्ट एसीच्या) बाजूला मात्र साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप लावू नका, तिथे डिफरन्शियल प्रोबच (ग्राउंडला न जोडता दोन टोकांतला फरक मोजणारा) हवा.

स्क्रीनवर बहुतेकदा करंटचे दोन डोंगर दिसतात. पहिला उंच आणि अरुंद, तो इनपुट कपॅसिटर भरण्याचा. दुसरा थोड्या वेळाने येतो, तो आउटपुट कपॅसिटर भरण्याचा. औषध दोघांचं वेगळं आहे, आणि गोंधळ इथेच होतो.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण लुकलुकणारे बोर्ड बहुधा त्यानेच पडतात. समजा १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करायचेत आणि आउटपुटला एकूण २२०० मायक्रोफॅरड आहेत. सॉफ्ट-स्टार्ट (आउटपुट हळूहळू चढवण्याची वेळ) १ मिलिसेकंदाचा असेल तर कपॅसिटरलाच ११ अँपिअर लागतात. शेवटच्या क्षणी ते ५५ वॉट होतात, म्हणजे इनपुटला साडेचार अँपिअरच्या वर. अडॅप्टर २ अँपिअरचा! व्होल्टेज बसतं, कन्व्हर्टर तेवढीच पॉवर काढायला करंट आणखी ओढतो, व्होल्टेज आणखी बसतं, शेवटी अंडरव्होल्टेज लॉकआउट (इनपुट ठरावीक पातळीखाली गेलं की कन्व्हर्टर थांबवणारी सोय) त्याला बंद करतो. लोड गेला की व्होल्टेज वर येतं आणि तोच खेळ पुन्हा. सॉफ्ट-स्टार्टचा कपॅसिटर बदलून वेळ १० मिलिसेकंद केली की ११चे १.१ अँपिअर होतात. एवढ्यावर निम्मी प्रकरणं मिटतात, असा माझा अनुभव.

उरलेल्यांत लॉकआउटचे आकडे तपासा. जाऊन-येऊन वायर ०.३ ओहमची आणि करंट ३ अँपिअर, तर ०.९ व्होल्ट वायरमध्येच गेले. चालू आणि बंद होण्याच्या पातळीत अर्ध्या व्होल्टचं अंतर ठेवलं तर टुक-टुक होणारच. मी १०.५ला चालू, ९ला बंद असं ठेवतो.

आता पहिला डोंगर. डीसी इनपुटला स्विच म्हणून पी-चॅनल मॉसफेट (ट्रान्झिस्टर), आणि तो हळू चालू व्हावा म्हणून त्याच्या गेटवर (चालू-बंद करणाऱ्या टोकावर) आरसी, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. ४७० मायक्रोफॅरड १० मिलिसेकंदांत १२ व्होल्टपर्यंत भरले तर करंट जेमतेम ०.५६ अँपिअर. पण तेवढ्या वेळात जवळपास ३४ मिलिज्यूल मॉसफेटच्या अंगावर पडतात, म्हणून डेटाशीटमधला एसओएचा (किती व्होल्ट-करंट किती वेळ सोसेल याचा) आलेख बघितल्याशिवाय मॉसफेटचा नंबर ठरवू नका. आणि कपॅसिटर भरेपर्यंत कन्व्हर्टरचा इनेबल (चालू करणारी पिन) खाली धरा, म्हणजे तो बंद राहील, नाहीतर अर्धवट चालू मॉसफेटमधून लोडही वाहतो आणि तो भाजतो.

२३० व्होल्ट एसीला एनटीसी (गरम झाला की ओहम कमी होणारा रेझिस्टर) स्वस्त आणि पुरेसा: शिखर ३२५ व्होल्ट, थंड एनटीसी १० ओहम, म्हणजे फार तर ३२.५ अँपिअर. मोठ्या पॉवरला, सप्लाय उठल्यावर एनटीसीला बायपास करणारा रिले लावा.

सगळं जमलं की सप्लाय काढून लगेच पुन्हा लावून बघा. एनटीसी अजून गरम असतो, त्याचा ओहम उरलेला नसतो. मॉसफेटचं गेटही चार्ज्डच, आणि इनपुट कपॅसिटर मात्र अर्धवट रिकामा. थंड बोर्डावर न दिसलेला डोंगर इथे उगवतो. वापरणारा असं काढ-घाल करणार असेल तर मी आरसीच्या नादी लागत नाही, सरळ हॉट-स्वॅप आयसी (चालू सप्लायवर बोर्ड जोडताना करंट आवरणारी चिप) लावतो.